बाबा असं काय बोलताहेत?

सीन इमॅजिन करा. शुक्रवार संध्याकाळ. बॉसला कसंबसं पटवून, ट्रॅफिक कापत तुम्ही हॉस्पिटलमध्ये पोहोचता. हातात बाटलीभर शहाळ्याचं पाणी. चार दिवसांपूर्वी न्यूमोनियासाठी अॅडमिट झालेले बाबा तुमच्याकडे बघून विचारतात, ‘‘दळण आणलंस का?’’ ती गिरणी बंद होऊन दहा वर्षं झालीत! आई हळूच म्हणते, ‘‘वय झालंय आता त्यांचं.’’

एक मिनिट. वय चार दिवसांत होत नाही.

वॉर्डातल्या अनुभवी सिस्टरच्या डोक्यात अशा वेळी पहिला शब्द येतो तो सोडियम. रक्तात ते १३५ ते १४५ असायला हवं. ते घसरलं की मेंदूच्या पेशींमध्ये पाणी शिरतं, त्या फुगतात. सुरुवात अगदी साधी असते. मळमळ, डोकेदुखी, सुस्ती, चालताना तोल जाणं. मग असंबद्ध बडबड, आणि दुर्लक्ष झालंच तर फिट्स. म्हणूनच सिस्टर सकाळ-संध्याकाळ ‘‘बाबा, आज वार कोणता?’’ असं विचारत असतात. आपल्याला वाटतं टाइमपास चाललाय. ती खरं तर तपासणी असते.

पण न्यूमोनियाचा सोडियमशी काय संबंध? इथे एण्ट्री होते एडीएच या हॉर्मोनची. लघवीवाटे किती पाणी सोडायचं हे ते किडनीला सांगतं. फुप्फुसांच्या इन्फेक्शनमध्ये कधी कधी ते गरज नसताना पाझरत राहतं. पाणी अंगात साचतं आणि सोडियम पातळ होतं, वरणात तांब्याभर पाणी ओतावं तसं. आता तुमच्या हातातल्या बाटलीकडे बघा. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम कमी. म्हणजे प्रेमाने आणखी एक तांब्या! (किडनीच्या पेशंटला तर त्यातलं पोटॅशियमही महागात पडतं. ते वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात.)

उपचारांचा फंडा मात्र सरळ नाही. जुलाब-उलट्यांनी सोडियम गेलं असेल तर सलाईन लागतं. एडीएचचा घोळ असेल तर उलट पाणी मोजून, कमी द्यायचं. कधी गुन्हेगार निघते बीपीसाठी दिलेली लघवी वाढवणारी गोळी, कधी मंदावलेला थायरॉइड. दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी वर्षानुवर्षं घेतलेली स्टिरॉइडची गोळी अॅडमिशनच्या गडबडीत राहून गेली, तर कॉर्टिसोल कमी पडतं. मग बीपी आणि साखर घसरते, सोडियमही. तिथे हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन जीव वाचवतं. म्हणून घरच्या गोळ्यांची पिशवी पहिल्याच दिवशी सिस्टरच्या टेबलावर ठेवा. ‘ती पांढरी छोटी गोळी’ या वर्णनावर कोणाचंच निदान होत नाही.

आणि प्लीज, ‘‘सलाईन लावा ना पटकन!’’ म्हणून काउंटरवर आवाज चढवू नका. आपल्याकडे सलाईन लागलं की नातेवाइकांना हायसं वाटतं, पण इथे घाईच घातक ठरते. फिट्स येत असतील तर डॉक्टर तीन टक्क्यांचं तीव्र सलाईन थोडं थोडं देतात, तेही वारंवार रक्त तपासून. एरवी चोवीस तासांत सोडियम आठ ते दहापेक्षा जास्त चढू द्यायचं नाही, हा नियम. फार भरभर चढलं तर मेंदूतल्या नसांवरचं आवरण खराब होतं. मग बोलणं, गिळणं, हातपाय, सगळंच अडकू शकतं.

तोपर्यंत नर्सिंगचं खरं काम चालू असतं ते वहीत. किती प्यायले, किती लघवी झाली, आज वजन किती. या हिशोबात सगळ्यात जास्त घोळ घालतो आपण. सिस्टरची पाठ वळली की ‘घशाला कोरड पडलीय बिचाऱ्यांच्या’ म्हणून दोन घोट. ते वहीत चढत नाहीत, आणि सकाळचा रिपोर्ट बघून डॉक्टर कोड्यात पडतात.

सिस्टर बाटली उचलून विचारतात, ‘‘यातलं किती दिलंत?’’

‘‘अर्धा ग्लास. आणि... दुपारी आईनेही एक दिला होता.’’

सिस्टर रागावत नाहीत. वेळ विचारतात, वहीत लिहितात आणि डॉक्टरांना फोन लावतात.