किडा की नागीण?

पावसाळ्याच्या अखेरीस श्रीगोंदा तालुक्यातल्या एखाद्या उसाच्या फडाशेजारी रात्री दिवा लावून बसा. घोड आणि भीमेच्या पाण्यावर भिजणाऱ्या या शिवारात दिव्याभोवती नाना तऱ्हेचे किडे जमतात. त्यांत मुंगीसारखा लांबट, नारिंगी-काळा, ७ ते १० मिलिमीटर लांबीचा एक भुंगेराही असू शकतो. पेडेरस हे त्याचे शास्त्रीय नाव. हा चावत नाही, डंखही मारीत नाही. पण गालावर बसलेला असताना आपण त्याला चिरडले, तर त्याच्या अंगातील पेडेरिन नावाचे विष कातडीला लागते. दुसऱ्या दिवशी तेथे लाल पट्टा उठतो, आग होते, फोड येतात.

आता समजा, एका घरातील आजोबांच्या कपाळावर सकाळी असेच फोड दिसले. उजवी पापणीही सुजली. घरचे म्हणणार, "रात्री किडा चिरडला असेल." तर्क पटण्याजोगा आहे. पण आजोबांना एकच विचारा : दुखणे आधी की फोड आधी? "अरे, दोन दिवसांपासून ठणकतंय. नुसता केस लागला तरी कळ येते," असे ते म्हणाले, तर किड्याला दोष देऊ नका. ही बहुधा नागीण आहे.

कांजिण्या बऱ्या झाल्या तरी त्यांचा विषाणू शरीरातून जात नाही. मज्जातंतूंच्या मुळाशी असलेल्या गाठींत तो वर्षानुवर्षे निपचित पडून राहतो. उतारवयात प्रतिकारशक्ती उणावली, की एखाद्या गाठीत तो जागा होतो आणि त्याच तंतूच्या वाटेने कातडीपर्यंत येतो. वाटेत तंतूला सूज येते, म्हणून दुखणे आधी. सायरेन्सेस्टर या इंग्लंडमधील गावाचे डॉक्टर एडगर होप-सिम्पसन यांनी आपल्या रुग्णांच्या अनेक वर्षांच्या नोंदींवरून १९६५ साली ही कल्पना मांडली. साध्या गावच्या दवाखान्यातले हे संशोधन!

चेहऱ्याच्या डाव्या आणि उजव्या बाजूंचे मज्जातंतू वेगळे असतात. म्हणून नागिणीचे फोड कपाळाच्या मध्यरेषेपाशी आखल्यासारखे थांबतात. नागिणीची दोन तोंडे जुळली की माणूस दगावतो, ही समजूत तुम्ही ऐकली असेल. ती तोंडे सहसा जुळतच नाहीत, आणि क्वचित फोड दोन्ही बाजूंना आले तरी त्या जुळण्याने कोणी मरत नाही. किड्याच्या विषाला मात्र मध्यरेषा ठाऊक नसते. हात फिरेल तिकडे ते पसरते.

आता आजोबांच्या नाकाचे टोक नीट पाहा. तेथेही फोड असेल तर डोळ्याला धोका संभवतो, कारण नाकाच्या टोकाला आणि बुबुळाला एकाच मज्जातंतूच्या फांद्या जातात. ही खूण जोनाथन हचिन्सन या इंग्रज शल्यविशारदाने १९व्या शतकातच नोंदवली होती. नाक स्वच्छ असले तरी पापणी सुजली आहे, तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवायलाच हवे. विषाणूला आवरणारी ॲसायक्लोव्हीरसारखी औषधे फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाली तर उत्तम गुण देतात. गेरूचा लेप लावून वाट पाहण्यात नेमके हेच तास निघून जातात.