माजघरातील पाठ

पुण्यात मुलींचे हायस्कूल १८८४ साली निघाले. परंतु त्यानंतर दोन तपांनी जन्मलेल्या माझ्या आजीने मुळाक्षरे गिरविली ती भावांच्या पाटीवर, चोरून. आईस मॅट्रिकपर्यंत शिकविले. पुढे स्थळ आडवे आले. हा अन्याय मी वर्गात मोठ्या तळमळीने सांगत असे. मात्र घरी मुलास 'रघुवंश' शिकवावयास बसलो म्हणजे मुलगी आत पाने मांडीत असे, हे या संस्कृतच्या मास्तरास कधी खटकले नाही!

गेल्या सुट्टीत नातीने विचारले, "आजोबा, आईला का नाही शिकवलंत?" मुलगी तेथेच होती, ती काही बोलली नाही. त्याच सायंकाळी आम्ही तिघांनी दुसरा सर्ग उघडला. श्लोक अर्ध्यावर असता मुलगी उठली व चुलीवरचे दूध पाहून आली. दूध मीच तापत ठेवले होते.