ओझ्याचा हिशेब : अर्धी टाकी

दोराच्या गाठींवर लिहिण्याचे वचन या आठवड्यात पुढे ढकलतो. गेल्या लेखातली बैलगाडीची उलाळ, म्हणजे मागे जादा भार झाला की पुढची बाजू उचलली जाणे, वाचून गंगापूरच्या एका वाचकाने विचारले आहे, की पिकअपच्या हौद्यात १,००० लिटरची प्लॅस्टिकची टाकी ठेवून पाणी नेताना ती अर्धीच भरली तर गाडी जास्त सुरक्षित राहील ना? पैठणचा नाथसागर पन्नासेक किलोमीटरवर असूनही छत्रपती संभाजीनगरात नळाला कित्येक दिवसांआड पाणी येते, तेव्हा हा प्रश्न पुस्तकी नाही. उन्हाळ्यात अशा गाड्या वाळूजपासून चिकलठाण्यापर्यंत कुठेही दिसतात.

आधी टाकीची जागा पाहू, कारण उलाळ तिथेच ठरते. पुढच्या-मागच्या आसांत तीन मीटर अंतर धरा. हजार किलो पाण्याचा मध्य मागच्या आसाच्या ६० सेंटिमीटर मागे गेला, तर पुढच्या चाकांवरचा २०० किलो भार उचलला जातो आणि मागच्या आसावर हजाराऐवजी बाराशे किलो बसतात. स्टिअरिंग हलके होते, आणि चालकाला ते सुखाचे वाटते हाच धोका. तोच मध्य आसाच्या तेवढाच पुढे आणला, की पुढची चाके २०० किलोने रस्त्याला घट्ट धरतात. अमेरिकेत पिकअपच्या हौद्यात अख्खी राहायची खोली सरकवून बसवतात. तिथल्या नियमांनुसार खोलीचा गुरुत्वमध्य हौद्यात कुठून कुठपर्यंत यावा, हे गाडीच्या उत्पादकाला सांगावे लागते. आपल्याकडे चर्चा होते ती फक्त ‘किती टन पेलते’ याची. यावर ठरलेला आक्षेप असा, की जादा कमानपाटा चढवला की मागची बाजू बसत नाही. बसत नाही हे खरे; पण पाट्याने फक्त गाडीची ढब सुधारते. आस, टायर, ब्रेक तेच राहतात आणि पुढच्या चाकांवर एक किलोही परत येत नाही. उलट बसलेली गाडी निदान डोळ्यांना तक्रार करत होती, तीही बंद होते.

आता अर्धी टाकी. पाणी कमी म्हणजे वजन कमी, हे बरोबर आहे, आणि अर्ध्या टाकीचा गुरुत्वमध्य खालीही येतो. पण हे दोन्ही फायदे पाणी जागेवर राहील तोवरचे. ब्रेक लागला की ते पुढच्या भिंतीवर चढते, गाडी थांबताच मागे उसळते. वळणावर बाहेरच्या अंगाला गोळा होते, म्हणजे गाडी ज्या बाजूला कलते आहे नेमक्या त्याच बाजूला. यातली पुढे-मागे होणारी उसळी रोखायलाच लोखंडी टँकरच्या पोटात भोके असलेले आडवे पडदे असतात. गच्चीसाठी घडवलेल्या टाकीत ते कुठून येणार? म्हणून ५०० लिटरच न्यायचे, तर ५००ची टाकी काठोकाठ भरून न्यावी. तेवढेच पाणी हजाराच्या टाकीत डचमळत नेऊ नये. खेपेत दोन-तीन ठिकाणी पाणी उतरवायचे असेल, तर एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान घ्याव्यात आणि आधी मागची पूर्ण रिकामी करावी. पुढची आधी सोडली, तर उरलेला सगळा भार फाळक्याजवळ राहतो आणि उलाळ परत येते.

‘एवढ्या वजनाची टाकी हलते कशाला, बांधायची काय गरज?’ हा समज मात्र सगळ्यात पक्का आहे. वजन वाढते तसा घर्षणाचा आधार वाढतो खरा, पण ब्रेक लागल्यावर पुढे जाण्याचा रेटाही त्याच पटीत वाढतो. जड वस्तूला इथे काही सवलत नाही. त्यात ओल्या पत्र्यावर प्लॅस्टिकचे बूड, म्हणजे घर्षण आधीच बेताचे. माल बांधण्याचे युरोपीय मानक पुढच्या दिशेला वजनाच्या ०.८ पट आणि बाजूला व मागे ०.५ पट जोर धरून चालते. हजार किलोला पुढे ८०० किलोचा रेटा झाला. तो एकट्या दोरावर सोपवू नये. टाकी केबिनकडच्या मजबूत जाळीला टेकवावी, मध्ये फट राहिली तर लाकडी ठोकळे ठोकावेत. बाजूंचे आणि मागचे काम पट्ट्यांचे. त्या कशा आवळायच्या, ते गाठींबरोबर पुढच्या आठवड्यात.