वीज किती वेळ गेली? वाशिमचा हिशेब

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वाशिम जिल्हा वेगळा झाला. तेव्हा फिडर, म्हणजे उपकेंद्रातून निघणारी वीजवाहिनी, ट्रिप झाला की तिथला ऑपरेटर लॉगबुकात वेळ लिहायचा. किती घरं अंधारात गेली, याचा हिशेब त्या वहीत नसायचा. त्याच वर्षी अमेरिकेत आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने असा हिशेब कसा मांडायचा याची १३६६ क्रमांकाची मार्गदर्शिका प्रायोगिक म्हणून काढली.

रीत सोपी आहे. समजा, एका फिडरवर १,००० ग्राहक आहेत. जंपर तुटला आणि त्यातल्या ४०० जणांची लाईन दोन तास गेली. ४०० गुणिले दोन असे हे ग्राहक-तास सगळ्या हजारांत वाटले की सरासरी ४८ मिनिटं येते. हा झाला ‘सैदी’. वीज किती वेळा गेली ते सांगणारा ‘सैफी’ इथे ०.४ भरतो.

२००३च्या वीज कायद्याने वीज कंपन्यांना कामगिरीची माहिती देणं बंधनकारक केलं. २००५च्या जानेवारीत राज्य वीज नियामक आयोगाची कृती मानकं आली आणि जूनमध्ये वीज मंडळाचं विभाजन होऊन महावितरण उभी राहिली. सैदी-सैफीसारखे निर्देशांक काढणं आता नियमात बसलं. पण मुख्यतः शेतीला वीज देणारे फिडर त्या गणतीबाहेर ठेवले गेले!

सोयाबीन-तुरीवर जगणाऱ्या वाशिमसारख्या जिल्ह्यात ही वगळणूक फार मोठी ठरते. पुढे भारनियमनाच्या काळात गावठाण फिडर वेगळे झाले. गावात दिवे टिकू लागले, ही मोठीच सोय झाली. शेत मात्र मोजणीपासून आणखी दूर गेलं.

३१ डिसेंबर २०२०च्या केंद्रीय ग्राहक हक्क नियमांनी चोवीस तास वीज हा हक्क मानला, आपोआप भरपाईची तरतूद आणली. शेतीसारख्या ग्राहकांसाठी कमी तास ठरवण्याची मुभाही ठेवली.

बरीच वर्षं कृषिपंपांना थ्री फेज वीज पाळीने मिळाली: दिवसा आठ तास, नाहीतर रात्री दहा. हरभऱ्याला पाणी देताना त्यातले तीन तास लाईन गेली, तर दांडातलं पाणी शेवटच्या सरीपर्यंत पोचत नाही. रात्रीच्या थंडीत मोटर सुरू करायला बांधावर गेलेल्या माणसाचा हा तोटा सरासरीत दिसत नाही. २०१७पासूनची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना दिवसा विजेचं वचन देते. म्हणून ठरलेल्या तासांपैकी पूर्ण दाबाने किती तास वीज आली, हा आकडा प्रत्येक कृषी फिडरचा दरमहा जाहीर व्हायला हवा, रिसोड-मानोऱ्यापासून कारंजापर्यंत.