दुधाचं चीज झालं, पण पावात नेमकं काय पडतंय? रोज चीज खाणाऱ्यांनी हे वाचाच

आठवडे बाजार असो की कॉलेजचा रस्ता, सँडविचच्या गाड्यावर हल्ली एक वाक्य हमखास ऐकू येतं, 'दादा, एक्स्ट्रा चीज टाका.' वडापावात चीज, डोशावर चीज, मॅगीत चीज. पोरं शाळेच्या डब्याला स्लाइस मागतात आणि घरचेही फारसं अडवत नाहीत. 'दुधाचंच आहे ना, अंगाला लागेल,' असा साधा हिशेब असतो. हा हिशेब निम्मा बरोबर आहे. उरलेला निम्मा चुकतो तो मीठ, मैदा आणि पामतेलामुळे.

दहा लिटरचं एक किलो

ज्यांच्या घरी गाई आहेत त्यांना चीज समजणं सगळ्यात सोपं. गाईच्या साधारण १० लिटर दुधापासून १ किलो चीज होतं. म्हशीचं दूध घट्ट, त्यामुळे ते कमी लागतं. पनीर करताना आपण लिंबू किंवा व्हिनेगर टाकून दूध फाडतो. चीजसाठी दुधात विरजणासारखे जिवाणू आणि रेनेट नावाचं एन्झाइम घालतात, मग जो गोळा बसतो त्यातलं पाणी काढून, मीठ घालून तो मुरवतात.

आता डेअरीच्या स्लिपवरचा आकडा घ्या. ३.५ फॅटचं १० लिटर दूध म्हणजे साधारण ३५० ग्रॅम फॅट. हे फॅट पाण्याबरोबर फारसं जात नाही, ते जवळपास सगळं गोळ्यातच राहतं. म्हणून मुरवलेल्या चेडर चीजमध्ये किलोला ३३० ग्रॅमच्या आसपास फॅट निघतं. दुधातली साखर मात्र निवळीबरोबर वाहून जाते. त्यामुळेच ज्यांना दूध प्यायलं की पोट फुगतं, जुलाब होतात, त्यांतल्या बऱ्याच जणांना मुरलेलं चीज पचतं.

पण गाड्यावर किंवा दुकानात आपल्याला मिळतं ते बहुतेक वेळा चेडर नसतं, ते 'प्रोसेस्ड चीज' असतं. तयार चीज वितळवून, त्यात पाणी आणि काही क्षार घालून ते पुन्हा साच्यात ओततात. पाकिटावर 'इमल्सिफायर ३३१, ३३९' असं लिहिलेलं असतं, तेच हे क्षार, सोडियम सायट्रेट आणि सोडियम फॉस्फेट. वितळवताना तूप आणि पाणी वेगळं होऊ नये हे त्यांचं काम. ही पद्धत १९११ साली स्वित्झर्लंडमध्ये वॉल्टर गर्बर आणि फ्रिट्झ स्टेटलर यांनी काढली. गरम देशांत पाठवायला टिकणारं चीज त्यांना हवं होतं. आपल्याकडे हेच चीज इतकं पसरलं, याचंही कारण तेच, ते उन्हाळ्यात टिकतं.

एका स्लाइसमध्ये काय असतं?

२० ग्रॅमची एक स्लाइस धरा. त्यात साधारण ४ ग्रॅम प्रोटीन, ५ ग्रॅम फॅट आणि ६० च्या आसपास कॅलरी असतात. कॅल्शियम सव्वाशे मिलिग्रॅमच्या घरात. यात वाईट असं काही नाही. वाढत्या पोराला प्रोटीन लागतं, कॅल्शियमही लागतं.

फक्त ही स्लाइस बनायला सुमारे एक ग्लास दूध लागलेलं असतं, म्हणजे २०० मिलिलिटर. त्याच एका ग्लासात ६ ते ७ ग्रॅम प्रोटीन आणि जवळपास दुप्पट कॅल्शियम असतं. काही भाग निवळीबरोबर निघून गेलेला असतो. म्हणजे गोठ्यातलं दूध डेअरीला घालून त्या पैशातून पोरासाठी चीज आणायचं, आणि 'ताकदीसाठी' म्हणून आणायचं, यात घाटाच आहे. चवीसाठी आणलं तर गोष्ट वेगळी. चव ही काही गुन्हा नाही.

खरा मुद्दा मिठाचा

फॅटची चर्चा सगळीकडे होते, मिठाकडे कुणी बघत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाच्या पोटात दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ जावं. सपाट चहाचा एक चमचा, बस. सोडियमच्या भाषेत ते २,००० मिलिग्रॅम होतं. आपल्या भाकरीबरोबरच्या ठेच्यात, लोणच्यात, पापडात आणि आमटीत मिळून हा चमचा दुपारपर्यंतच संपलेला असतो.

प्रोसेस्ड चीजमध्ये १०० ग्रॅमला सोडियम १,००० ते १,५०० मिलिग्रॅमच्या घरात असतं. आधी चीजमधलं मीठ, वरून त्या क्षारांतलं सोडियम. एका स्लाइसला २०० ते ३०० मिलिग्रॅम धरा. तीन स्लाइसचं सँडविच खाल्लं तर ६०० ते ९०० मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाच्या मिठाचा तिसरा हिस्सा ते जवळपास निम्मा. पावातलं, बटरमधलं, सॉसमधलं आणि वरून भुरभुरलेल्या मसाल्यातलं मीठ यात धरलेलंच नाही. घरच्या पनीरमध्ये मीठ जवळपास नसतंच, हा दोघांतला मोठा फरक.

पाकिटामागं सोडियमचा आकडा छापलेला असतो. त्याला अडीचनं गुणलं की मीठ निघतं. ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे १ ग्रॅम मीठ. इतकं गणित चौथीतलं पोरगंही करून देईल.

ज्यांना बीपीची गोळी चालू आहे, किडनीचा त्रास आहे किंवा पायावर सूज येते, त्यांनी प्रोसेस्ड चीज रोजच्या खाण्यात ठेवू नये. किडनीच्या रुग्णांना तर त्यातल्या फॉस्फेटचाही त्रास होतो, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊच नये. वर्षाच्या आतल्या बाळाला 'खातंय आवडीनं' म्हणून स्लाइसचे तुकडे भरवणं चालतं, तेही थांबवावं. त्या वयात वरचं मीठ लागत नाही.

मग हृदयाचं काय?

इथं उत्तर थोडं वेगळं निघतं. चीजमधलं निम्म्याहून जास्त फॅट हे 'सॅच्युरेटेड', म्हणजे थंडीत गोठणाऱ्या तुपाच्या जातीचं. असं फॅट जास्त गेलं की रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढतं. यावरून चीज म्हणजे हार्ट अटॅक असा सरळ निष्कर्ष कुणी काढेल. पण माणसांवर चाचण्या झाल्या तेव्हा दिसलं की तेवढंच फॅट लोण्यातून दिलं तर कोलेस्टेरॉल जास्त वाढतं, चीजमधून दिलं तर कमी. चीजमधलं कॅल्शियम काही फॅट बांधून बाहेर काढतं, हे त्यामागचं एक कारण मानलं जातं.

युरोप-अमेरिकेतल्या मोठ्या पाहण्यांमध्ये दिवसाला ४० ग्रॅमच्या आसपास चीज खाणाऱ्यांमध्ये हृदयविकार वाढलेला आढळला नाही, उलट थोडा कमीच दिसला. हे वाचून लगेच दोन पाकिटं आणायची गरज नाही. ती माणसं काय खातात, कसं जगतात हे वेगळं. त्यांच्या चीजमध्ये मुरवलेल्या चीजचा वाटा मोठा, आपल्याकडं वितळवून ओतलेल्याचा. शिवाय अशा पाहण्यांतून चीजमुळेच फायदा झाला असं सिद्ध होत नाही. एवढं मात्र म्हणता येतं की निरोगी माणसानं अधूनमधून एखादी-दुसरी स्लाइस खाल्ली तर घाबरण्यासारखं काही नाही.

आपल्याकडं चीज एकटं येत नाही, ही खरी अडचण. ते मैद्याच्या पावात येतं, बटरमध्ये भाजून येतं, तळलेल्या बटाट्यावर येतं, बरोबर कोल्ड्रिंक असतं. चीजमध्ये साखर नसल्यासारखीच, त्यामुळे शुगर वाढते ती पावानं आणि कोल्ड्रिंकनं. ज्या घरात दूध, दही, तूप आधीच भरपूर आहे, तिथं सॅच्युरेटेड फॅटचा कोटा चीजच्या आधीच बराचसा भरलेला असतो. दिवसभर ऊस तोडणाऱ्या माणसाला ते जिरून जाईल. दुकानात खुर्चीवर बसणाऱ्याला नाही.

आणि ते चीज नसेलच तर?

वरचा सगळा हिशेब खऱ्या चीजचा झाला. गाड्यावर किसून पडणारं प्रत्येक पिवळं-पांढरं हे चीज असेलच असं नाही. पामतेल, स्टार्च, थोडी दूध पावडर आणि फ्लेवर यांपासून हुबेहूब तसंच वितळणारं, तसंच ताणलं जाणारं उत्पादन बनतं. त्याला 'चीज अ‍ॅनालॉग' म्हणतात. पनीरचंही तसंच. मार्च २०२५ मध्ये श्रीगोंद्याचे आमदार विक्रम पाचपुते यांनी बनावट पनीर थेट विधिमंडळात नेऊन दाखवलं, तेव्हा हा विषय गावागावात पोहोचला.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. अ‍ॅनालॉग बनवणं किंवा विकणं हा आपोआप गुन्हा होत नाही. पाकिटावर तसं स्पष्ट लिहून विकलं तर कायदा त्याला परवानगी देतो. ते लपवून, 'चीज' किंवा 'पनीर' म्हणून गिऱ्हाइकाच्या पुढ्यात ठेवणं ही फसवणूक. आणि फसवणूक होते ती पाकीट फाडल्यानंतर, गाड्यावर, ढाब्यावर आणि लग्नाच्या पंगतीत, जिथं लेबल कुणाला दिसत नाही.

तब्येतीच्या बाजूनं बघितलं तर अ‍ॅनालॉगमध्ये मीठ तेवढंच असू शकतं, सॅच्युरेटेड फॅटही भरपूर, कारण पामतेलात ते निम्म्याच्या आसपास असतं. ज्यासाठी माणूस चीज खातो ते दुधाचं प्रोटीन आणि कॅल्शियम मात्र नावापुरतं. तोटा तेवढाच, फायदा गायब.

गावाच्या खिशाच्या बाजूनं बघितलं तर जास्त झोंबतं. एखाद्या गाड्याला दिवसाला ५ किलो खरं चीज लागत असेल, तर त्यामागं ४० ते ५० लिटर दूध असतं. त्या जागी पामतेल आलं की तेवढं दूध कुणाच्या तरी गोठ्यातून कमी उचललं जातं. पुणे जिल्ह्यात मंचर आणि रांजणगावला चीजचे मोठे कारखाने आहेत, आसपासच्या तालुक्यांतलं दूध तिकडं जातं. दुधाला दर नाही म्हणून रस्त्यावर कॅन ओतणारा शेतकरी संध्याकाळी त्याच रस्त्यावर पोरांना पामतेलाचं सँडविच घेऊन देतो, हे चित्र कष्टाचं चीज होण्याचं नाही.

ओळखायचं कसं?

भाव हा पहिला पुरावा. तुमच्या डेअरीचा दर लिटरला ३५ रुपये असेल, तर १० लिटर दुधाचेच ३५० रुपये झाले. प्रोसेस्ड चीजमध्ये पाणी घातलेलं असतं म्हणून थोडी सूट द्या, पण कारखाना, वाहतूक आणि दुकानदाराचा नफाही त्यात यायचाय. कुणी किलोला अडीचशे-तीनशे रुपयांत 'चीज' देत असेल तर त्यात दूध किती हे विचारायची पण गरज नाही.

दुसरं, पाकीट. घटकांच्या यादीत जे सगळ्यात जास्त ते आधी लिहिलेलं असतं. सुरुवातीलाच 'चीज' किंवा दुधाचे घटक दिसले तर ठीक. 'खाद्य वनस्पती तेल', 'पामोलिन', 'अ‍ॅनालॉग' यांतलं काही दिसलं तर ते चीज नाही. याच पाकिटावर हिरवा ठिपकाही बघा. जुन्या पद्धतीत रेनेट वासराच्या पोटातून काढत, आजही काही परदेशी चीजमध्ये ते असतं. भारतात बनणाऱ्या हिरव्या ठिपक्याच्या चीजमध्ये सूक्ष्मजीवांपासून केलेलं रेनेट वापरतात, त्यामुळे माळकऱ्यांनी शंका बाळगायचं कारण नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर जाळून बघायचे, ताणून बघायचे व्हिडिओ फिरतात. त्यांच्या नादी लागू नका. खरं प्रोसेस्ड चीज जाळलं तरी काळंच पडतं. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाकले आणि रंग निळा-काळा झाला तर त्यात स्टार्च आहे एवढं कळतं. पामतेल त्यातून कळत नाही. ते प्रयोगशाळाच सांगू शकते.

घरी आणलेलं चीज खरं असलं तरी फोडल्यावर फ्रिजमध्येच ठेवायचं. लाइट सारखी जात असेल तर मोठा ब्लॉक घेऊन ठेवण्यापेक्षा छोटं पाकीट आणून दोन-तीन दिवसांत संपवलेलं बरं. हिरवी-काळी बुरशी दिसली तर तेवढा भाग खरवडून स्लाइस पोराला देऊ नका, टाकून द्या.

तक्रार करायची असेल तर

ढाब्यावर किंवा गाड्यावर शंका आली तर आधी सरळ विचारा, 'पाकीट दाखवा.' विचारायचा तुम्हाला हक्क आहे. टाळाटाळ झाली तर अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री क्रमांक १८००-२२२-३६५ आहे. दुकानाचं नाव, जागा, तारीख सांगा, बिल असेल तर जपून ठेवा. अन्न सुरक्षा अधिकारी नमुना घेतात तेव्हा त्याचे चार भाग करून सील करतात, त्यातला एक प्रयोगशाळेत जातो. अन्न विश्लेषकानं १४ दिवसांत अहवाल द्यावा असा कायद्यात नियम आहे. अधिकाऱ्यांची वाट न बघता ग्राहकाला स्वतः फी भरूनही नमुना तपासून घेता येतो. त्यासाठी विकणाऱ्याला खरेदीच्या वेळीच तसं सांगावं लागतं, म्हणून जाताना बरोबर कुणीतरी साक्षीदार असलेला बरा.