निळ्या पडद्याच्या पुढे काय? प्रोग्रामिंग शिकताना एडिटर असा निवडा

लॅपटॉप जुना असो वा नवा, पहिला प्रोग्राम कशात लिहायचा, याचे सोपे गणित

अमरावती/अकोला : अभियांत्रिकी, पॉलिटेक्निक किंवा बीसीएच्या पहिल्या वर्षाला प्रवेश झाला की विद्यार्थ्यांपुढे प्रश्न उभा राहतो, प्रोग्राम लिहायचा कशात? कॉलेजच्या लॅबमध्ये एक सॉफ्टवेअर असते, यूट्यूबवरचे सर दुसरे वापरतात आणि सीनियर तिसरेच सुचवतात. एडिटर चुकला म्हणून कुणी नापास होत नाही. पण पहिला महिना इन्स्टॉलेशनशी झटापट करण्यातच जातो आणि ‘हे आपल्याला जमणार नाही’ असा समज तिथेच पक्का होतो.

आधी फरक समजून घ्या

प्रोग्राम लिहितो तो एडिटर. लिहिलेले संगणकाला समजेल अशा रूपात बदलतो तो कंपायलर. पायथनसाठी हे काम इंटरप्रिटर करतो. एडिटर, कंपायलर चालवण्याची सोय आणि चुका शोधणारा डिबगर हे सगळे एकाच खिडकीत मिळाले की त्याला आयडीई म्हणतात. ‘व्हीएस कोड टाकला, तरी सी प्रोग्राम चालत नाही’ ही तक्रार यातूनच येते. व्हीएस कोड मुळात एडिटर आहे. सीचा कंपायलर त्यासोबत येत नाही, तो वेगळा टाकावा लागतो.

टर्बो सी चालेल का?

संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाची स्थापना १९८३ ची. बोरलँड कंपनीचे टर्बो सी आले १९८७ मध्ये. म्हणजे हे सॉफ्टवेअर विद्यापीठाहून फक्त चार वर्षांनी लहान! निळ्या पडद्याचे हे सॉफ्टवेअर देशातील अनेक लॅबमध्ये दीर्घकाळ टिकून राहिले. ते डॉससाठी बनलेले असल्याने आजच्या ६४ बिट विंडोजवर थेट चालत नाही, डॉसबॉक्ससारखा आधार लागतो.

खरी अडचण उत्तरांत आहे. टर्बो सीमध्ये ‘इंट’ प्रकारचा आकडा २ बाइटचा असतो आणि ३२,७६७ च्या पुढे जात नाही. ८ चे फॅक्टोरियल ४०,३२०. पण टर्बो सी उत्तर देतो उणे २५,२१६. आजच्या जीसीसी कंपायलरमध्ये ‘इंट’ साधारणपणे ४ बाइटचा असतो, त्यामुळे १२ च्या फॅक्टोरियलपर्यंत उत्तर बरोबर येते. कोनिओ डॉट एच ही टर्बो सीची फाइल प्रमाणित सीचा भाग नाही. तिची सवय लागलेला विद्यार्थी नोकरभरतीच्या ऑनलाइन चाचणीत अडखळू शकतो, कारण तिथे सहसा आधुनिक कंपायलर असतो. लॅबमध्ये टर्बो सी असेल तर प्रात्यक्षिक परीक्षेपुरते ते जरूर शिकावे. घरचा सराव मात्र आजच्या कंपायलरवर करावा.

कोणी काय निवडावे?

• पायथन, पहिल्यांदाच : थॉनी. एस्टोनियातील तार्तू विद्यापीठात नवशिक्यांसाठी बनलेले. पायथन सोबतच येते. प्रोग्राम एकेक पायरीने चालवून प्रत्येक टप्प्यावर व्हेरिएबलची किंमत पाहता येते. जुन्या लॅपटॉपवरही चालते.

• सी किंवा सी प्लस प्लस : कोड ब्लॉक्स. विंडोजसाठी डाउनलोड करताना नावात ‘मिंगडब्ल्यू’ असलेली फाइल घ्यावी. त्यातच कंपायलर असतो.

• वेब पेज किंवा अनेक भाषा : व्हीएस कोड. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये आणलेला हा एडिटर मोफत आहे आणि पुढे नोकरीतही भेटतो. एक्स्टेंशन मात्र गरजेपुरतीच टाकावीत; ४ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर त्यांची गर्दी जड जाते.

• पायचार्म : ८ जीबी रॅम असेल तरच. मोठ्या प्रकल्पांसाठी उत्तम, पहिल्या दहा प्रोग्रामसाठी गरज नाही.

• लॅपटॉपच नसेल तर : अँड्रॉइडवर पायड्रॉइड ३ मध्ये इंटरनेटशिवाय पायथन चालते. गुगल कोलॅबला इन्स्टॉलेशन लागत नाही. पण नेट गेले की काम थांबते.

यातील बहुतेक साधने मोफत आहेत. विकतचे किंवा क्रॅक केलेले सॉफ्टवेअर घेण्याचे कारण नाही. क्रॅकसोबत व्हायरसही येऊ शकतो. मराठीतून शिकायचे असल्यास आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’चे धडे मोफत पाहता येतात.

एआयची मदत घ्यावी का?

आजचे एडिटर अर्धी ओळ टाइप करताच पुढचा कोड सुचवतात. अनुभवी माणसाचा वेळ त्याने वाचतो. नवशिक्याचा मात्र विचार करण्याचा सरावच बुडतो. लॅब परीक्षेत किंवा मुलाखतीत ही सोय मिळेलच असे नाही. पहिले सेमिस्टर संपेपर्यंत सेटिंग्जमध्ये जाऊन ती बंद ठेवणे फायद्याचे. चूक आली तर संदेश आधी स्वतः वाचावा, मग मदत मागावी.

अर्ध्या तासाची परीक्षा

एडिटर पक्का करण्यापूर्वी तीन गोष्टी करून पाहाव्यात. दोन संख्यांची बेरीज करणारा प्रोग्राम चालवावा. मग मुद्दाम एक अर्धविराम किंवा कंस गाळून चुकीचा संदेश नेमकी ओळ दाखवतो का ते बघावे. शेवटी सेव्ह केलेली फाइल नेमकी कुठे गेली ते शोधून ती नोटपॅडमध्ये उघडावी. अर्ध्या तासात ही तिन्ही कामे झाली तर निवड योग्य. मग निदान एक सेमिस्टर तरी एडिटर बदलू नये.