संगणकीय प्रकृतिपरीक्षण : निष्कर्षाचा पडताळा

पुण्याच्या सी-डॅकने 'आयुसॉफ्ट' प्रणाली विकसित केली आणि प्रकृतिपरीक्षण संगणकावर आले. मात्र संगणकाने दिलेला 'वातपित्त प्रकृती' एवढाच निष्कर्ष शोधनिबंधात छापला, तर कोल्हापुरातील वैद्याने तो कसा पडताळावा? उत्तरे तीच असली, तरी गुणांकन किंवा प्रणालीची आवृत्ती बदलताच निष्कर्ष पालटू शकतो. औषधनिर्मितीत ग्रंथाधार, द्रव्यांचे मान, सिद्धिलक्षणे व बॅच क्रमांक आपण नोंदवितोच. त्याच न्यायाने निबंधासोबत प्रश्नावली, गुणांकनाची रीत, आवृत्ती आणि नावे वगळून मूळ उत्तरे द्यावीत, असे आम्ही सुचवितो. अन्यत्र त्याच उत्तरांतून तोच निष्कर्ष निघाला, तर गणित शुद्ध ठरेल. प्रकृतीचा निर्णय यथार्थ आहे की नाही, हे मात्र स्वतंत्र वैद्यांच्या दर्शन-स्पर्शन-प्रश्न परीक्षेनेच ठरावे.